बापलेकीची नववी

पूर्वा ओव्हाळला नववीच्या वार्षिक परीक्षेत गणितात दीडशेपैकी एक्केचाळीस मार्क पडले. त्या दिवशी पुण्याचं तापमानही नेमकं तेवढंच होतं. तिच्या वडिलांच्या हे लगेच लक्षात आलं.

"एक्केचाळीस," संभाजीराव प्रगतिपुस्तक हातभर लांब धरून म्हणाले. "हे हवामान झालं. मार्क कुठेयत?"

पूर्वाने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, त्यामुळे तिथेही बघायची सोय उरली नाही. तिने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे," वडील म्हणाले. "तू अठरा मिनिटं सलग बसलेली मला एकदा दाखव. आम्ही दहावी केली तेव्हा घरात लाइट नव्हती. लाइट आली आणि गणित गेलं."

सन दोन हजारचा एप्रिल संपत आला होता. विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात संभाजीरावांची दहावी महिन्यातून चारदा तरी निघायची. कंदिलाची दहावी, अनवाणी दहावी, एकाच वहीवर खोडून खोडून केलेली दहावी. पूर्वाला ती वडिलांपेक्षा जास्त पाठ होती. गणिताचंही तिचं तसंच होतं. भूमितीतली प्रमेयं तिने शब्दन् शब्द पाठ केली होती. त्रिकोणाला एबीसी म्हटलं की सिद्धता धडाधड यायची. पीक्यूआर म्हटलं की तो त्रिकोण तिला अनोळखी वाटायचा. आकृती जरा तिरकी काढली, तर मग संपलंच.

बाकी सगळ्या विषयांत ती चांगली होती. पण येरवड्याच्या त्यांच्या शाळेने त्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचं मनावर घेतलं होतं. आजूबाजूला इंग्रजी शाळा उगवत होत्या आणि त्यांच्या फलकांवर टक्क्यांशिवाय दुसरं काही नसायचं. त्यामुळे एखाद्या विषयात गेलेल्याला ढकलत वर न्यायचे दिवस संपले. पास झालेल्यांचे दहावीचे सुट्टीतले तास मे महिन्यातच सुरू होणार होते. पूर्वाच्या प्रगतिपुस्तकावर मात्र लाल शाईत लिहिलं होतं, 'गणित फेरपरीक्षा, ९ जून'.

"पालकांना भेटायला सांगितलंय पेठे सरांनी," पूर्वा म्हणाली.

"तुझी आई जाईल. माझी शिफ्ट आहे," संभाजीराव घाईने म्हणाले. पेठे सर शाळेत गणित शिकवायचे. पालकसभा कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी असो, संभाजीरावांची शिफ्ट नेमकी तेव्हाच असायची.

संभाजीराव नगर रोडवरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर होते. केसाइतका फरक त्यांना बोटाने कळायचा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या कारखान्यात नोटीस लागली. कंपनीने जर्मन भागीदार घेतला होता आणि काँप्युटरवर चालणारी नवी मशीन येणार होती. ती चालवायच्या ट्रेनिंगला बसायचं, तर दहावीचं प्रमाणपत्र पंधरा जूनपर्यंत ऑफिसात जमा करायचं. ज्यांच्याकडे नाही, त्यांना पॅकिंग खात्यात पाठवणार. पॅकिंग म्हणजे खोके बांधणं. लेथवरच्या माणसाला ते सांगणं म्हणजे आचाऱ्याला पत्रावळ्या उचलायला लावण्यासारखं होतं.

संभाजीरावांनी नोटीस तीनदा वाचली आणि घरी येऊन गुपचूप जेवले. शेवटी ताक पिताना म्हणाले, "शालन, माझं दहावीचं प्रमाणपत्र सापडत नाही. वाळवीने खाल्लं असणार."

शालनबाई बुद्धविहारात बालवाडी चालवायच्या. तीस पोरं सांभाळल्यामुळे त्यांना आवाज चढवायची गरज पडत नसे. "वाळवी?" त्या म्हणाल्या. "माझ्या पेटीत आपल्या लग्नातल्या मांडववाल्याची पावती आहे. पूर्वाच्या पोलिओच्या डोसाचं कार्ड आहे. वाळवीने हे सगळं सोडून तुमचं प्रमाणपत्र निवडून खाल्लं?"

"आईकडच्या घरी होतं ते."

"मग शाळेतून दुसरी प्रत काढू. येरवड्याचीच तर शाळा तुमची. पूर्वाचं विचारायला मला जायचंच आहे."

"नको, नको. मी बघतो," संभाजीराव म्हणाले.

संभाजीराव 'मी बघतो' म्हणाले की ते काम कोणीच बघत नाही, हे शालनबाईंना सतरा वर्षांच्या संसारात समजलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पाळीला गेले आणि शालनबाई पूर्वाला घेऊन शाळेत पोचल्या.

पेठे सर तास घेत होते. म्हणून मायलेकी आधी ऑफिसात गेल्या. सुट्टीमुळे तिथे गेनबा शिपाई एकटेच होते. ते लोहगावहून सायकलवर यायचे आणि निवृत्तीला आले होते. शाळेतलं जुनं रजिस्टर कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, हे त्यांच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

"ओव्हाळ संभाजी भीमराव," शालनबाईंनी सांगितलं. "दहावी पास. पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल."

"हाय की, हितंच हाय," म्हणत गेनबांनी एक जाडजूड रजिस्टर काढलं, त्यावर फडकं मारलं आणि बोट थुंकीने ओलं करून पानं उलटायला लागले. दहावीची यादी त्यांनी वरून खाली वाचली, मग खालून वर. मग मागच्या वर्षाचं रजिस्टर काढलं.

"ह्यो बघा घावला," ते खुशीत म्हणाले. "ओव्हाळ संभाजी भीमराव. नववी ब. गणितात नापास. शाळा सोडली."

ऑफिसातला पंखा कटकट करत फिरत होता. पूर्वाचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं.

"दहावी नाही?" शालनबाईंनी विचारलं.

"दहावीला यायला नववीतनं सुटावं लागतं, बाई," गेनबा म्हणाले. "पेठे सर तवा नवीनच लागलं व्हतं. लई कडक. त्या साली अकरा पोरं पाडली."

पेठे सरांना भेटायचं त्या दिवशी राहूनच गेलं. शालनबाईंनी शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल तेवढी घेतली आणि मायलेकी शाळेसमोरच्या रसवंतीत बसल्या. पूर्वाला केव्हा एकदा घरी जाते आणि बोलते असं झालं होतं. कंदील, अनवाणी पाय आणि खोडून लिहिलेली वही, एकेकाचा हिशेब तिला घ्यायचा होता.

"मी विचारणार त्यांना, हवामान कसं होतं तेव्हा."

"तू काही विचारायचं नाहीस," आई म्हणाली. तिने बर्फ घातलेला एक ग्लास संपवून दुसरा मागवला होता, त्यावरून पूर्वाला तिच्या रागाचा अंदाज आला. "बापाला पोरीने पाडून बोलायचं नाही. ते माझं काम आहे. मी दहावी पास आहे, चोपन्न टक्के. माझ्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, मुलगा मॅट्रिकच्या खाली नको. सतरा वर्षं हा माणूस मला माझ्या हिशेबातल्या चुका दाखवतोय."

मग ती एकदम हसायला लागली. इतकी हसली की रसवाल्याने चरक थांबवून पाहिलं.

पाच दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. सकाळी विहारात सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली. पंचशील सुरू झालं. संभाजीरावांचा आवाज भारदस्त होता आणि ते नेहमी पहिल्या रांगेत असायचे. तिसऱ्या शीलापर्यंत तो आवाज विहारभर घुमला. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे मागच्या रांगेतून शालनबाईंनी असा काही सूर लावला की पुढची माणसं वळून बघायला लागली. संभाजीरावांनीही वळून पाहिलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती. पाचव्या शीलाला त्यांचा आवाज निघालाच नाही. ते शील दारूचं असल्याने शेजारच्या माणसाचा भलताच गैरसमज झाला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता संभाजीराव पाळीवरून आले. शालनबाईंनी चहा दिला. चहाच्या बशीखाली दाखल्याची नक्कल होती.

त्यांनी ती वाचली. चहावर साय धरली तरी ते वाचतच होते.

"वाळवीने थोडं ठेवलंय वाटतं," शालनबाई म्हणाल्या.

संभाजीरावांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. पूर्वा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिला वाटलं होतं, आता मजा येईल. पण वडिलांचा चेहरा पाहिला आणि आपण तिथे नसतो तर बरं, असं तिला वाटलं.

"तू दहावी होतीस," ते बायकोला म्हणाले. "मी नववी सांगितलं असतं, तर तुझ्या वडिलांनी चहासुद्धा दिला नसता."

"चहा दिला असता. मुलगी दिली नसती."

"तेच ना." कागदाची घडी घालत ते म्हणाले, "पुन्हा बसणार होतो मी. पण खालच्या वर्गातली पोरं माझ्या शेजारी येऊन बसणार, आणि पेठे सर रोज विचारणार, काय ओव्हाळ, मुक्काम वाढवला? मग वर्कशॉपला लागलो. म्हटलं पुढच्या वर्षी बघू. पंचवीस वर्षं झाली."

"आणि कंदील?" पूर्वाला राहवलं नाही.

"कंदील खरा होता," संभाजीराव म्हणाले. "इयत्ता चुकली."

शालनबाईंनी तोवर सगळं ठरवून टाकलं होतं. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो दोनेक महिन्यांत निघेल. शाळा सोडल्याचा दाखला लावला की मार्चच्या परीक्षेला बसता येतं. त्याआधी गणित बापलेकीने एकत्रच सुरू करायचं, नववीपासून.

"म्हणजे पप्पांना नववी पास व्हायला नको?" पूर्वाने विचारलं. "माझी फेरपरीक्षा आणि यांना थेट दहावी? दोघं त्याच विषयात गेलोय ना?"

"पंचवीस वर्षं थांब, तुलाही देतील," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संभाजीराव कारखान्यात सर्जेराव साहेबांकडे गेले. नोकरभरतीचं आणि हजेरीचं सगळं हे साहेब बघायचे. संभाजीरावांनी जिने चढताना वाक्य जुळवलं होतं. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, माझं प्रमाणपत्र हरवलेलं नाही. मी दहावी नाहीच. अठ्ठ्याहत्तर साली फॉर्मवर खोटं लिहिलं. मार्चला बसणार आहे."

सर्जेराव साहेबांनी मान वर केली नाही. "ओव्हाळ, तुम्ही सतरावे. दोघांचं पुरात गेलं. तिघांचं वाळवीने खाल्लं. एकाच्या बायकोने रद्दीत घातलं, एकाचं बैलाने खाल्लं. बैल कुठून आणला ते विचारलं नाही मी. खरं सांगायला आलेले तुम्ही पहिले." मग त्यांनी पेन ठेवलं. "सतरा लेथवाले खोक्यात घातले तर माल कोण काढणार? जर्मनांना मी सांगतो. पुढच्या जुलैपर्यंत मुदत. तोवर ट्रेनिंगला बसा. मार्चला नापास झालात, तर मात्र खोके."

तो एवढा प्रश्न सुटला. पण गणित शिकवणार कोण? त्यांच्या वरच्या मजल्यावर तेजस नावाचा मुलगा भाड्याने राहायचा. तो यवतमाळचा इंजिनीअर होता आणि सॉफ्टवेअरमध्ये लागला होता. जुन्या काँप्युटरना दोन हजार साल ओळखता येत नव्हतं, ते त्यांना शिकवायचं काम त्याने दीड वर्ष केलं. आता दोन हजार साल आलं आणि सगळ्या काँप्युटरनी ते ओळखलं, त्यामुळे तेजसला काही काम उरलं नाही.

"सध्या मी बेंचवर आहो, काकू," तो म्हणाला. "म्हणजे कंपनी पगार देते, पण काम नाई."

"आम्हाला शाळेत बेंचवर उभं करायचे," संभाजीराव म्हणाले. "यांना पगार देऊन बसवतात. देश खरंच पुढे चाललाय."

संध्याकाळच्या जेवणाच्या बोलीवर तेजस शिकवायला तयार झाला. रोज साडेचार वाजता तो खाली यायचा. बापलेक चटईवर वही घेऊन बसायचे. तेजस हुशार होता यात शंका नव्हती. अडचण एवढीच की तो प्रश्न वाचता वाचता उत्तर सांगायचा.

"एक्स बरोबर सात," तो म्हणायचा.

"कसे आले?" पूर्वा विचारायची.

"दिसूनच राहिले ना बाप्पा."

"मला दिसत नाहीत."

"मला पण," संभाजीराव म्हणायचे.

तेजस पुन्हा वहीत बघायचा, डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "काऊन दिसत नसतील?" मग तो खूप विचार करून दोन पायऱ्या लिहायचा, आणि त्यातली एक अकरावीतली असायची. तरी आठवडाभरात बीजगणित मार्गी लागलं, ते पूर्वामुळे. तेजसचं उत्तर आणि वडिलांचा प्रश्न यांच्या मधलं अंतर तिलाच भरावं लागायचं. वडिलांना समजावून सांगताना ते तिलाही समजायला लागलं. वडील विद्यार्थी म्हणून वाईट नव्हते, फक्त प्रत्येक गणितात माल किती वाया गेला हे विचारायचे.

भूमिती मात्र हलेना. मे संपला आणि वर्तुळाचं प्रकरण निघालं. पूर्वाने डोळे मिटून म्हटलं, "वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. पक्ष, साध्य, सिद्धता..."

"थांब," संभाजीराव म्हणाले. "जीवा म्हणजे काय?"

"वर्तुळावरचे कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड."

"ते पुस्तकातलं झालं. दाखव."

पूर्वाने वहीत एक वर्तुळ काढलं, त्यात एक रेघ मारली आणि पेन्सिल खाली ठेवली. तो लंब कुठून निघतो, तो टाकायचा कशाला, टाकल्याने कोणाचं भलं होतं, हा प्रश्न तिला गेल्या वर्षभरात एकदाही पडला नव्हता.

संभाजीराव उठले. त्यांनी स्वयंपाकघरातून पोळ्यांच्या डब्याचं झाकण आणलं आणि आपल्या पिशवीतून काटकोन बघायचा लोखंडी गुण्या काढला. झाकण उलटं ठेवून त्यावर खडूने दोन आडव्यातिडव्या रेघा मारल्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "या तुझ्या जीवा. आता दोरीने मधोमध खूण करू." त्यांनी दोरी मापून दुमडली आणि दोन्ही रेघांवर मध्य काढला. तिथे गुण्या लावून काटकोनात दोन रेघा आत ओढल्या. त्या एका जागी एकमेकींना छेदून गेल्या.

"हे सेंटर," ते म्हणाले. "गोल जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावायचा, तर आधी सेंटर पाहिजे. बावीस वर्षं मी हे काढतोय. चुकलं तर जॉब वाकडा फिरतो आणि फोरमन सरळ बोलतो."

त्यांनी पेन उभं धरलं आणि त्याच्या टोकावर झाकण बरोबर त्या खुणेवर टेकवलं. झाकण किंचित डुललं आणि स्थिर झालं. त्यांनी त्याला बोटाने फिरवलं. ते पेनावर गरगर फिरलं, एका बाजूला न कलता.

पूर्वा बघत राहिली. "म्हणजे लंब मध्यावर टाकला की तो केंद्रातून जातोच? कुठलीही जीवा घेतली तरी?"

"जाणार नाही तर कुठे जाईल?"

"पप्पा, हेच प्रमेय आहे! हे उलटं, आणि ते सुलटं!"

"हे पुस्तकात आहे?" संभाजीरावांनी पुस्तक ओढून घेतलं. त्यांनी आकृती पाहिली, मग झाकण पाहिलं. "मग पेठे सरांनी असं का नाही सांगितलं? फळ्यावर निस्ता लंब टाकत बसायचे. मला वाटायचं, पडला असेल."

तेजस म्हणाला, "काका, मला बी हे आजच समजून राहिलं."

"झाकणावरचा खडू कोण पुसणार?" आतून शालनबाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या आठवडाभरात घरातल्या एकाही गोल वस्तूला आराम मिळाला नाही. ताटं, पातेली, पोळपाट, सगळ्यांची केंद्रं काढून झाली. पूर्वा आता पीक्यूआरला घाबरत नव्हती. संभाजीराव मात्र सिद्धता लिहायला कंटाळायचे. दिसतंय ते कशाला सिद्ध करायचं, हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यात तेजस त्यांच्या बाजूने होता.

नऊ जूनला संभाजीरावांनी रजा टाकली. दाखल्यावर शाळेचा शिक्का हवा होता, आणि पूर्वाला सोडायचंही होतं. व्हरांड्यात समोरून पेठे सर कोऱ्या उत्तरपत्रिका घेऊन आले. केस पांढरे झालेले, बाकी चाल तीच. संभाजीरावांना एकदम शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटलं आणि त्यांनी ते लावलं.

सरांनी पूर्वाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. जरा वेळ बघतच राहिले.

"ओव्हाळ," ते म्हणाले. "नववी ब. तुम्ही पंचवीस वर्षं गैरहजर आहात. कारण?"

"कामावर होतो, सर."

"आज काय काम काढलंत?"

"मुलीला सोडायला आलो. आणि दाखल्यावर शिक्का पाहिजे होता. सतरा नंबरचा फॉर्म भरणार आहे."

"छान. त्या फॉर्मला नववी पास असायची अट नाही. सरकार दयाळू आहे. मी नाही." सरांनी हातातली एक उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे धरली. "शेवटच्या बाकावर बसा. वेळ अडीच तास. तुमचे मार्क कुठेही लागणार नाहीत, पण मला माझं काम अर्धवट ठेवायची सवय नाही."

"सर, माझ्याकडे पेन नाही."

"तेव्हाही नसायचं," सर म्हणाले आणि खिशातलं पेन काढून दिलं.

वर्गात पाच मुलं होती. शेवटच्या बाकावर चाळीस वर्षांचा माणूस गुडघे पोटाशी घेऊन कसाबसा बसलेला पाहून एका मुलाने शेजाऱ्याला विचारलं, "हा किती वेळा बसलाय रे?" पूर्वाने मागे वळून पाहिलं नाही. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, आणि ती स्वतःच्या पेपरसाठी किती आणि वडिलांच्या पेपरसाठी किती हे तिला सांगता आलं नसतं. तिने प्रश्नपत्रिका उघडली. वर्तुळ पीक्यूआरमधून जात होतं आणि जीवा तिरकी होती. तिच्या डोळ्यांसमोर डब्याचं झाकण आलं. ती लिहायला लागली.

पेपर सरांनी तिथेच तपासले. पाच मुलं आणि एक बाप व्हरांड्यात उभे होते. पूर्वाला एकोणऐंशी मिळाले. सरांनी तिची उत्तरपत्रिका दोनदा चाळली आणि म्हणाले, "पहिल्यांदाच तुझ्या सिद्धतेत 'कारण' या शब्दानंतर कारण आलंय."

मग त्यांनी संभाजीरावांना आत बोलावलं. "जीवा सोळा, केंद्रापासून अंतर सहा, त्रिज्या काढा. तुम्ही नुसतं दहा लिहिलंय. बरोबर आहे. पण तुम्हाला कसं कळलं ते जगाला कळू द्या की. त्याचे तीन मार्क कापले."

"हो, सर."

"चोपन्न. पास." सरांनी उत्तरपत्रिका मिटली. "मी तेव्हा तुम्हाला एकोणतीस दिले होते. पंचवीस वर्षांत पंचवीस मार्क. सावकाश, पण प्रगती आहे."

संभाजीरावांनी पेन परत केलं आणि वाकून नमस्कार करायला गेले. सर मागे सरकले. "राहू द्या. मीही तेव्हा नवा होतो. अकरा मुलं पाडली. त्यातली किती शाळेत परत आली, हे नंतर मोजलं मी. एकही नाही." त्यांनी चष्मा उगाच सारखा केला. "आज एक आला. उद्या सकाळी दहावीचा तास आहे, साडेसातला. मुलीला पाठवा. तुमची पाळी दुसरी असली, तर तुम्हीही या. मागे बसा, मात्र मध्येच बोलायचं नाही."

बाहेर पूर्वा वाट बघत होती. "किती?"

"पास," संभाजीराव म्हणाले. पुढे काही सांगायच्या आधी त्यांनी नाक शिंकरलं, आणि रुमाल खिशात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

शनिवारी बापलेक पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले. शाळा उघडायला दोन दिवस राहिल्याने दुकानांसमोर मुंग्यांसारखी माणसं होती. तासभर रेटारेटी करून ते एका दुकानाच्या फळीपाशी पोचले.

"दहावीचे दोन संच," संभाजीराव म्हणाले. "मराठी माध्यम."

दुकानदार पुस्तकं काढता काढता म्हणाला, "दोन? जुळ्या आहेत?"

"नाही. एक हिचा."

"आणि दुसरा?"

पूर्वाला दिसलं की 'पुतण्याचा' हा शब्द वडिलांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"माझा," ते म्हणाले.

दुकानदाराने चष्म्यावरून त्यांना वरपासून कमरेपर्यंत पाहिलं. खालचं फळीमुळे दिसत नव्हतं. "मोठ्या अक्षरातलं येत नाही," त्याने सांगितलं. "पुढे बोला, कोणाला काय हवंय?"

पिशवी पूर्वाने घेतली. बसस्टॉपवर येईपर्यंत संभाजीरावांनी तिच्यातून आपलं भूमितीचं पुस्तक काढून घेतलं होतं. विश्रांतवाडीची बस आली, दोघांना जागाही मिळाली. त्यांनी पुस्तक हातभर लांब धरलं.

"पूर्वा, हे समरूप त्रिकोण म्हणजे काय गं?"

"पप्पा, बस तर सुटू दे."

"बसचं मी बघतो. तू त्रिकोणाचं सांग."